उपाशी हातानं वाढलेली पंगत

जमलेल्या समद्यांना नमस्कार, सलाम, जयजिनेंद्र. बसून घ्या. मागं उभं ऱ्हाऊ नका, तालमीत जागा लई हाय.

मला भाषण येत न्हाई. मी रेहाना, कोपऱ्यावर शिलाई मशीन घेऊन बसणारी. तुमच्या लेकीबाळींची झंपरं शिवते. आज माझा रोजा हाय. घशाला कोरड पडलीया, आणि त्यात रडू येतंय. पण अजितदादा म्हटला, "भाभी, आईबद्दल तुम्हीच बोलायचं." अक्काच्या पोराला नको म्हणायची माझी टाप न्हाई.

आपली पद्माक्का गेली. गूळ मार्केटात जिचा आवाज पार रस्त्यापतूर ऐकू यायचा, ती अक्का. नवऱ्यामागं आडत तिनं चालवली, आणि भल्याभल्या व्यापाऱ्यांना गप्प बसवलं. मला अजून खरं वाटत न्हाई. सकाळी मशीनवरचं कापड काढलं की कान तिच्या हाकेकडंच लागत्यात. आता कोण म्हणणार, "काय गं बये, आज पण उशीर?"

पावणं मंडळी बाहेरनं आलीत, त्यांच्यासाठी सांगते. आमच्या पेठेत रमजानात एक दिवस तालमीची पंगत असती. आता घोळ बघा कसा हाय. जैन माणूस सूर्य मावळायच्या आत जेवणार. मावळला की पाण्याचा थेंब न्हाई. आणि आमी रोजेवाले सूर्य मावळल्याबिगर थेंब घेणार न्हाई. एका पंगतीला बसायचं कसं? बसायचंच न्हाई! आधी जैन मंडळी बसणार, आणि वाढणार आमी. उपाशी पोटानं. मग सूर्य मावळला की आमी बसणार, आणि वाढणार ते. बाकीच्यांनी पायजे त्या पंगतीला बसावं. खीर गव्हाची, गूळ अक्काचा, आणि कांदा-लसूण दोन्ही पंगतींना न्हाई. ही रीत कुणी काढली, कुणाला ठावं न्हाई. माझ्या सासूच्या आधीपासनं हाय.

अक्का म्हणायची, "कुणाचा धर्म मोडायचा न्हाई, आणि कुणाला एकटं जेवू द्यायचं न्हाई. संपलं."

मग ते वरीस आलं. तुम्हाला आठवतंय. मोबाईलवर कायबाय फिरत होतं. कुणी पाठवलं, कुठनं आलं, पत्ता न्हाई. पण गल्लीतली माणसं एकमेकांकडं बघायची बंद झाली. तालमीतली पोरं म्हटली, पंगत नको. आमच्या घरात थोरले भावजी म्हटले, "रेहाना, यंदा तिकडं जायचं न्हाई. त्यांचं त्यांच्यापाशी, आपलं आपल्यापाशी." दोन्हीकडनं दारांना कड्या.

आणि अक्कानं काय केलं? इथं, ह्या पायरीवर, ताट मांडून बसली. एकटी! अजितदादा घरनं डबा घेऊन आला, तर त्याच्यावर खेकसली, "घेऊन जा तो. पंगतीत वाढून घ्यायचं असतं." तिला शुगरच्या गोळ्या चालू होत्या. अक्का पक्की जैन, सूर्य मावळला की घास घेणार न्हाई, आणि रात्रभर उपाशी ऱ्हायची ताकद नव्हती, हे समद्यांना ठाऊक. उन्हं भिंतीवरनं वर सरकायला लागली. बाई जागची हलत न्हाई. आमी खिडक्यांतनं बघतोय.

मग तिनं हाक दिली. मार्केटातल्या आवाजात. "रेहाना! वाढतीस, का उपाशी झोपू?"

समद्या गल्लीनं ऐकलं. भावजी दारातच उभे. मी त्यांच्याकडं बघितलंच न्हाई. घरात खीर केली होती, पातेलं उचललं आणि बाहेर पडले. मागं पावलं वाजली. म्हटलं झालं, आता धरला हात. तर भावजींनी माझ्या हातातलं पातेलं घेतलं आणि म्हटले, "जड हाय. आण इकडं." ते बघा पुढंच बसलेत, मान खाली घालून. वर बघा की भावजी! लाजायचं काय त्यात?

अक्काच्या ताटात खीर पडली, आणि पहिली कडी निघाली. मग दुसरी. मग पोरं सतरंज्या घेऊन पळत आली. त्या दिवशी पंगत ह्या पायरीपासनं पार नळापतूर गेली, आणि सूर्य मावळल्यावर अक्कानं स्वतः मला खजूर दिला. आपण जिंकलो मंडळी. कुणाला हरवलं न्हाई, पण जिंकलो.

ही गोष्ट फिरत फिरत लांब गेली. एक दिवस जिनिव्हाचं बोलावणं आलं. जगात धर्मावरनं माणसांचा छळ होतो, तो थांबवायला झटणारी देशोदेशीची माणसं तिथं जमणार होती. अक्का म्हटली, "मी एकटी कशी सांगू? निम्मी पंगत रेहानाची हाय." म्हणून मी पण गेले. अक्कानं पिशवीत गुळाची ढेप घेतलेली. तपासणीवाला विचारतोय हे काय, आणि अक्का त्याला मराठीत सांगतीया, "खाऊन बघ की!"

तिथं काय काय ऐकलं! एका बाईला घरात प्रार्थना केली म्हणून तुरुंगात टाकलेलं. कुणाचं देऊळ पाडलेलं, कुणाची मशीद, कुणाचं चर्च. देश वेगळा, देव वेगळा, पण सुरुवात तीच. कायबाय फिरतं, आणि माणसं एकमेकांकडं बघायची बंद होत्यात. कुठंबी जा, पळसाला पानं तीनच. अक्का माझ्या कानात म्हटली, "हे तर आपल्याच गल्लीतलं हाय गं."

मोठमोठे वकील बोलत होते. कायदा कसा पायजे, सरकारांना जाब कसा विचारायचा. मला डुलकी यायला लागली, तर अक्कानं चिमटा काढला. "ऐक नीट. ह्या लोकांनी जगभर बोंब मारली, म्हणून ती बाई सुटली." मग तिची पाळी आली. तिनं पंगत सांगितली, आपल्या बोलीत, हात नाचवून. भाषांतर करणाऱ्या बाईला घाम फुटला. शेवटाला म्हटली, "माझं ताट कुणी हिसकावू नये, त्याला कायदा पायजेच. पण ताटात वाढायला शेजारी लागतो."

तिथं थंडीत दिवस लवकर मावळतो, आणि समद्यांचं जेवण रात्री. अक्कासाठी कोपऱ्यात एक ताट आधी मांडलेलं. एकटीचं. मी वाढायला उठले, तेवढ्यात ती तुरुंगातनं सुटलेली बाई आली. माझ्या हातातला डाव घेतला आणि अक्काला वाढायला लागली. मग एकेक करून समदी आली. कुणी भात आणला, कुणी पाणी. आणि रात्री अक्का पदर खोचून, वेटरांना बाजूला सारून, समद्यांना वाढत फिरली! जगात भारी कोल्हापुरी, पोरं उगंच म्हणत न्हाईत.

यंदा त्या बाईनं फोटो पाठवला. तिच्या गावात दोन धर्मांची माणसं एकमेकांना वाढतायत. ज्यांनी एकमेकांच्या उंबऱ्यात पाय ठेवला नव्हता, तीच माणसं. अक्कानं तो फोटो दवाखान्यात बघितला. नाकात नळी, तरी हसली. म्हटली, "डाव उलटा धरलाय मेल्यांनी. पण वाढत्यात!"

माझ्याशी ती तेवढंच शेवटचं बोलली.

तिला पोचवून येताना कुणीतरी म्हटलं, "अक्का गेली, आता पंगत पण गेली." माझ्या कानावर आलंय. नाव घेत न्हाई, पण उत्तर देते. का म्हणून जाईल? अक्का कधी म्हटली का, पंगत माझी हाय म्हणून? सातासमुद्रापल्याड पंगत बसती, आणि हितं बसणार न्हाई व्हय? जमणार न्हाई! आमची अक्का हरून गेली न्हाई. जिंकून गेलीया.

काल सुतक फिटलं. आज पंगतीचाच दिवस हाय. ज्या पोरांनी त्या वर्षी पंगत नको म्हटलेलं, त्याच पोरांनी सकाळपासनं चूल पेटवलीया. वास आला असंल तुम्हाला. उन्हं अजून भिंतीवर हायत.

तर आता समदी उभं ऱ्हाऊया, आणि अक्कासाठी जरा गप्प ऱ्हाऊया. तिच्यासमोर गप्प बसायची सवय हायच आपल्याला. मग जैन मंडळींनी बसून घ्यावं. अजितदादा, पहिलं ताट तुझं, आईच्या पायरीवर. भावजी, पातेलं धरा, जड हाय.

अक्का, वाढते गं.