दोडक्याच्या वेलावरचा घोयरा

नाही बाई, मी नाही पाहिला — इथं कुठला सरडा येऊन राहिला, या मिल्टनमध्ये झाडं तरी कुठं मोठी झालीत अजून — पण तू आत तर ये, दारात उभं राहून कोणी बोलतं का? बूट काढ तेवढे, अमृताला, माझ्या सुनेला, फरशीवर डाग चालत नाही. शुभदा म्हणालीस ना? मागच्या गल्लीतली? बघ, दोन वर्षं झाली मला मुलाकडे, राजरत्नकडे येऊन, आणि मागच्याच गल्लीत मराठी बाई राहते हे आज कळून राहिलं, तेही सरड्याच्या पायी. तुझ्या पोरीनं पाळलेला ना तो? ऊर्मीनं. ऑगस्टात पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं, आणि गेला. अरेरे. चहा घेशील. नाही म्हणू नको, सकाळपासून मी कोणाशी एक शब्द बोलली नाही — मुलगा-सून अंधारातच ऑफिसला जायची गो ट्रेन पकडतात, नातू शाळेतून आला की 'हाय आजी' म्हणतो आणि बेसमेंटमध्ये उतरतो. झाला आमचा दिवस.

शॅमेलिऑन म्हणता तुम्ही, आमच्याकडे घोयरा. मला काय नवा आहे का तो? वरोऱ्याजवळ शाळेच्या क्वार्टरमध्ये राहायचो आम्ही, मी मास्तरीण, राजरत्नचे बाबा पोस्टात — कुंपणाला मेंदी, आणि पावसाळा सरत आला की मेंदीत घोयरे. लोक घाबरायचे, दगड मारायचे, विषारी आहे म्हणायचे — कसला विषारी? गरीब जीव. एक पाय उचलायचा, पुढं-मागं झुलायचं, ओल्या फरशीवर टाकावा तसा जपून टाकायचा, मग दुसरा. एक डोळा आपल्याकडे, एक माशीकडे. राजरत्नचे बाबा सकाळी दात घासता घासता कुंपणाशी जाऊन उभे राहायचे, आणि दिसला की तिथूनच हाक — "ओ बाई, आला बघा!" — शाळेतल्या पोरांसारखे बाईच म्हणायचे मला, चिडवायला. मी पोळी तव्यावर तशीच सोडून धावायची. करपलेली पोळी मग तेच खायचे, बिचारे. चार वर्षं झाली त्यांना जाऊन.

पण तुझ्यावाला वेगळा गं, त्याच्या डोक्यावर केवढा उंच तुरा, आमच्याकडच्याला इतका नसतो — आणि अंगावर पिवळे पट्टे, शेपटीचं टोक जरासं तुटलेलं — काय? आत्ता दारात दाखवला त्या फोटोत दिसतं ना. परत दाखव बरं. नाही दिसत? हो, फांदीमागं गेली शेपटी. मग तूच म्हणालीस ना आत्ता. नाही म्हणालीस? ... साखर किती घालू तुला?

असं बघू नको बाई माझ्याकडे. बरं — चल, मागच्या लाकडी ओट्यावर, डेकवर चल. तो दोडक्याचा वेल दिसतो? पानं पिवळी पडली तरी अमृताला कापू दिला नाही मी, रोज भांडली तिच्याशी, ती म्हणे आई, दोडके तर संपले, आता काय ठेवायचं त्यात? काय सांगू तिला? पहिल्या दिवशी दिसला तेव्हा मला वाटलं, माझं डोकंच फिरलं. कॅनडात घोयरा! मी मोठ्यानं म्हणाली — अहो, आला बघा! — आणि मागं वळून पाहिलं, बाप्पा, सवयीनं. कोण असणार? शेजारची गोरी बाई लॉनला पाणी घालून राहिली होती, तिनं हात हलवला. तेव्हापासून उठली की आधी डेक. मागच्या गवतातून ग्लासात नाकतोडे धरून आणते — या गुडघ्यांनी! — वेलावर पाणी शिंपडते, तो पानावरचे थेंबच पितो, वाटीतलं पीत नाही, पाहिलंस का कधी तू? राजरत्नला मी कळूच दिलं नाही. त्याला कळलं असतं तर त्यानं दारोदार विचारलं असतं, कोणाचा आहे म्हणून. मला तर विचारायची गरजच नव्हती. तुझी पोर टॉर्च घेऊन या कुंपणापलीकडून त्याला हाका मारत होती, रडत होती, ते पाहिलं मी. पाहिलं, आणि डेकवरचा लाइट बंद केला. एवढी म्हातारी बाई, जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं, आणि एका पोरीचा जीव दाबून बसली. लाज वाटली गं. पण लाइट नाही लावला.

आज टीव्हीवर फ्रॉस्ट सांगून राहिले, दव गोठणार म्हणे. रात्री मरेल तो इथं. सकाळपासून हा खोका घेऊन फिरून राहिली मी — आत आणावं, तर अमृता कोळी दिसला तरी किंचाळते, आणि तुझ्याकडे यावं, तर कोणत्या तोंडानं? तू बेल वाजवली तेव्हा खोका हातातच होता, चपलांच्या रॅकमागं ढकलला मी. आणि तरी तुला म्हणाली, नाही पाहिला.

हळू. ओढू नको, वेल घट्ट धरतो तो. ही घे कात्री, फांदीच काप. बघ, काळा पडला, घाबरला की पडतो, घरात ऊब लागली की होईल हिरवा. आणला बघ तो रॅकमागचा खोका, पानं घातलीत मी त्यात. बघायला येत जा म्हणतेस? येईन ना. येईन कधीतरी. ऊर्मीला म्हण, कुंपणावर सापडला, बाकी काही सांगू नको. आणि सकाळी आधी पाणी शिंपडा, नाकतोडा मग द्या, आणि कोणीतरी मोठ्यानं म्हणा — आला बघा, असं — त्याला सवय झाली आहे त्याची.

त्याला कसली सवय! त्याला कान तरी कुठं असतात.

जा तू. चहा राहिला तर राहू दे. दार ओढून घे बाई, थंडी आत येऊन राहिली.