उघडं आलेलं टपाल

मंडळी, ऐका. टाळ जरा खाली ठेवा आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या. खरं बोललं तर पाप लागतं का?

नाही? सगळ्यांनी माना हलवल्या! पेटीवाले तर असे हलवतायत की टोपी पडेल. बरं. खरं बोलावं हे आईनं सांगितलं, गुरुजींनी सांगितलं, संतांनी तर पदोपदी सांगितलं. मग माझा दुसरा प्रश्न – खरं कुणाचं? स्वतःचं, की दुसऱ्याचं? आता माना थांबल्या! थांबू द्या. आधी गोष्ट ऐका, मग हलवा.

आंबेदरा नावाचं गाव. तिथं गेणूतात्या म्हणून निवृत्त पोस्टमन. उभा जन्म सायकलवर गेला. ज्याला वाचता येत नसे, तो पाकीट पुढं करी. तात्या वाचून दाखवत आणि उंबरठा ओलांडताना विसरून जात. कुणाच्या सुनेनं माहेरी काय लिहिलं, कुणाच्या पोराची नोकरी कशी सुटली – सगळं तात्यांच्या पोटात. घरी कारभारीण विचारायची, "आज काय विशेष?" तात्या म्हणायचे, "ऊन फार होतं." संपली मुलाखत!

तर एकदा त्या गावात आरोग्य शिबिर आलं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, टेबलावर लॅपटॉप. प्रत्येकाला आरोग्याचं कार्ड. तुमचे रिपोर्ट, तुमची औषधं, सगळं कॉम्प्युटरवर. कागदाची पिशवी घेऊन हिंडायला नको. चांगली सोय हो! सोयीला मी नाव ठेवत नाही. माझी स्वतःची साखर त्याच कॉम्प्युटरवर आहे.

पण कार्डाला लागतो मोबाईल नंबर. घरात फोन एकच, आणि तो गेलेला घरधन्याबरोबर. मग म्हाताऱ्यांनी काय करावं, बायांनी काय करावं? पहिलीच आजी म्हणाली, "टाक बाई तात्यांचा नंबर. टपाल आलं की तात्या आणून देतील." झालं! मागची म्हणाली, माझाही तोच. तिच्या मागचीही तेच. आणि बाया-म्हाताऱ्यांचं सोडा, शाळा समितीचे अध्यक्ष रंगनाथभाऊ! दोन-दोन फोन खिशात. पण घरच्यांना कळू नये म्हणून त्यांनीही हळूच तात्यांचाच नंबर दिला. टेबलावरच्या मुलीलाही उरकायचं होतं. तात्या शेजारी उभे, फोनवर ओटीपी आला की मोठ्यानं आकडे सांगतायत – लग्नात मंगलाष्टकं म्हणावीत तसे. छाती फुगलेली. निवृत्तीनंतर पुन्हा गावाचं टपाल आपल्याच हाती!

आता गंमत बघा. पूर्वीच्या पाकिटाला डिंक होता. फोडल्याशिवाय आतलं दिसत नसे. मोबाईलच्या मेसेजला डिंक कुठला? तो उघडाच येतो. न वाचायचं म्हटलं तरी डोळे वाचून मोकळे होतात. कुणाचं रक्त कमी, कुणाची लघवी तपासायची, कुणाला झोपेच्या गोळ्या चालू – सगळं तात्यांच्या तळहातावर. पण माणूस जुना, तोंडाला कुलूप. ज्याचं त्याच्या घरी जाऊन कानात सांगायचे.

एक दिवस मेसेज आला. अनुसया खरात. मानेच्या गाठीचा तपास. क्षयरोग, गाठीतला. संसर्गाचा धोका नाही. औषध सहा महिने. दवाखान्यात या.

ही अनुसया शाळेत पोषण आहार शिजवायची. नवरा बोअरवेलच्या गाडीवर, महिनोन्‌महिने बाहेर. दोन लेकरं. तिच्या हाताच्या खिचडीसाठी पोरं शाळेत येतात, गुरुजींसाठी नाही, असं स्वतः गुरुजीच म्हणायचे.

तात्या लगबगीनं तिच्या घरी गेले. अनुसया शाळेत. दारात थोरली जाऊ कलावती, धान्य निवडत बसलेली.

"काय आणलंत, तात्या?"

"अनुसयेला निरोप आहे. दवाखान्यात जाऊन ये म्हणावं."

"का हो? काय झालंय?"

"ते मी नाही सांगायचो. दुसऱ्याचं टपाल आहे. एवढंच सांग, औषध सहा महिने आहे. एक दिवसही चुकवायचं नाही."

पाहिलंत? माणूस किती जपून बोलला! आजाराचं नाव घेतलं? नाही घेतलं. तात्या समाधानानं घरी गेले आणि भाकरी खाऊन निजले.

पण मंडळी, सहा महिने न चुकवता घ्यायचं औषध कशाचं असतं हो? ह्या बाजूला माउल्या एकमेकींकडं बघायला लागल्या. तुम्हाला कळलं ना? मग कलावतीला कळायला काय वेळ! ती दळण घेऊन गिरणीवर गेली. दळण बारीक झालं आणि बातमी जाड झाली. 'गाठीतला आहे, पसरत नाही' हे तात्यांच्या फोनमध्येच राहिलं. गावात फिरलं ते फक्त सहा महिन्यांचं औषध. खरं होतं बरं का! शब्दन्‌शब्द खरा. पण अर्धा.

दुसऱ्या दिवशी पोरं घरून डबे घेऊन आली. खिचडी पातेल्यात तशीच. रंगनाथभाऊंचा निरोप आला, अनुसयाबाई, तुम्ही थोडे दिवस घरी बसा.

तात्यांच्या कानावर गेलं. पहिल्यांदा त्यांना कलावतीचा राग आला. आपली चूक आपल्याला शेवटी दिसते, हा जगाचा नियम. मग आठवलं, आपणच काय बोललो ते. तसेच उठले आणि अनुसयेच्या दारात गेले.

"पोरी, दवाखान्यात गेलीस का?"

"नाही."

"अगं, औषध—"

"तात्या, मला काही झालेलं नाही." ती चुलीकडं तोंड करूनच बोलली. "औषध आणायला गेले की गाव म्हणेल, बघा, खरंच होतं. आज नुसतं बोलतायत. उद्या माझ्या पोरांना शेजारी बसू देणार नाहीत. मी नाही जायची."

"मी आजाराचं नाव नव्हतं घेतलं गं."

"माहितीय. माझा आजार मला कळायच्या आधी गिरणीवर कळला, तात्या."

तात्या पायरी उतरले. घरी येताना फार वाईट वाटलं त्यांना. आजार बरा होणारा, औषध हाताशी, आणि ही बाई ते घेणार नाही. का? तर लोकांना कळलं म्हणून! गाठ मानेत होती मंडळी, पण फास आपल्या जिभेचा बसला.

आता मागच्या रांगेतले काका कुजबुजतायत – महाराज, ते सगळं ठीक, पण पोरांच्या जेवणाचं काय? गावाला कळायला नको का? बरोबर विचारलंत काका. रंगनाथभाऊंनीही हेच विचारलं.

शाळेत बैठक बसली. समितीचे लोक, चार पालक, गुरुजी. अनुसयेलाही बोलावलेलं, ती दाराशी उभी. रंगनाथभाऊ म्हणाले, "तात्या, मेसेज तुमच्याकडं आहे. लेकरांचा प्रश्न आहे. वाचून दाखवा."

आता तात्यांची पंचाईत बघा. पूर्ण मेसेज वाचला तर अनुसया सुटते. 'धोका नाही' असं त्यातच आहे. भलं करायचीच वेळ! पण एकदा भलं करायला गेलेलेच की तात्या. त्यांनी चष्मा लावला, फोन काढला.

"वाचतो. पण टपाल आल्या क्रमानं वाचायचं, ही माझी जुनी पद्धत. शिबिरानंतरचा पहिला मेसेज..." आणि त्यांनी रंगनाथभाऊंकडं पाहिलं. "वाचू का, भाऊ?"

भाऊंच्या कपाळाला घाम! एका पालकाला म्हशीची धार आठवली, दुसऱ्याची चप्पल सापडेना.

"राहू द्या, तात्या," भाऊ म्हणाले.

"राहू देतो. तुमचा वाचणार नव्हतोच, भिऊ नका. पण तुमचा झाकायचा आणि तिचा उघडायचा, असं टपाल मी वाटत नाही." मग ते उठले, दाराशी गेले आणि फोन अनुसयेच्या हातात दिला. "पोरी, हे तुझं. वाच. चार दिवस उशिरा पोचलं, आणि फोडून पोचलं. चुकलो मी."

सातवी शिकलेली बाई. सावकाश वाचलं, पुन्हा वाचलं. 'धोका नाही' या ओळीवरून बोट फिरवलं. मग फोन परत देऊन म्हणाली, "मला काय झालंय ते मला कळलं. मी सैपाक करू शकते का नाही, तेवढं तुम्हाला कळायला पाहिजे. ते डॉक्टरांकडून लिहून आणते. बाकीचं माझं."

काका, मिळालं उत्तर? गावाला जेवढं लागतं तेवढं सांगायचं. चमचाभर मीठ लागतं म्हणून कुणी शेजारणीचं सगळं सैपाकघर उचलून आणत नाही!

डॉक्टरांनी एकच ओळ दिली – स्वयंपाकाच्या कामास हरकत नाही. आजाराचं नाव नाही, औषधाचं नाही. भाऊंनी ती वाचली आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. त्यांची हिंमत होती होय? अनुसया पुन्हा चुलीपाशी आली, आणि औषध तिनं एक दिवस चुकवलं नाही. तात्या एकेकाला घेऊन दवाखान्यात गेले, कार्डावरचा आपला नंबर काढायला लावला. ज्याचा त्याचा घातला, ज्याला फोनच नाही त्याला सिस्टर समोर बसवून सांगू लागल्या. तात्यांचा फोन मुका झाला. जरा चुकल्यासारखं वाटलं त्यांना, नाही असं नाही. पण कारभारणीनं विचारलं, "आज काय विशेष?" तेव्हा म्हणाले, "ऊन फार होतं."

तर मंडळी, आपलं खरं बोलावं, छातीठोक बोलावं. दुसऱ्याचं खरं ही त्याची चीज. ती आपल्या हातात आली म्हणून आपली होत नाही. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये कुणाचा रिपोर्ट पडलाय का, बघा. 'जरा डॉक्टरला दाखव' म्हणून भावजयीनं पाठवलेला, आणि तुम्ही 'काळजीपोटी' चौघांना पुढं ढकललेला? काळजीपोटी! गिरणीवर कलावतीही हेच म्हणाली होती.

आणि शेवटचं. मी गावाचं नाव बदललंय, बाईचं नाव बदललंय, आजारही कदाचित वेगळाच असेल. तरी मघापासून तुमच्यातले काही जण मनात हिशेब मांडतायत – शाळेत शिजवणारी, नवरा बोअरवेलवर... कोण बरं ही? मला इथून चेहरे दिसतात!

तो शोध इथंच सोडा. या मांडवाच्या बाहेर तुम्हाला कुणी विचारलं, महाराजांनी कुणाची गोष्ट सांगितली हो, तर काय सांगाल?

ऊन फार होतं. उचला टाळ.