शीग कापलेला आवाज

माझं गाव अर्जुनी मोरगावच्या अल्याड, तलावाच्या पाळीखाली. माय-बाप दोघंही धानाच्या बांधीत मजुरीले जात. आन् पयलेच सांगून ठेवतो जी, मी संशयी मानूस आहो. तुमी हे आवाज घ्याचं मशीन माझ्यासमोर ठेवलं, ठेवा, पर माझा आवाज कुठं जाईन, कोन आयकन, हे मी तुमाले तीनदा इचारलं, चवथ्यांदाई इचारीन. राग मानू नोका. लहानपनी मालकाच्या खळ्यावर मजुरीचं धान मोजून राहिले का बाप मायले म्हने, तू त्याच्या हातावर डोळा ठेव. उसनं देल्लेलं धान परत घेताना मालक पायलीवर शीग लावून, म्हनजे काठाच्या वर ढीग करून घ्यायचा, आन् आमाले देताना काठावरून हात फिरवून सपाट. मी मायच्या बाजूले उभा राहून तोच हात पाहो. तवापासून कोनाचाई हात पाह्यल्याशिवाय मले चैन नाई पडत.

नव्याण्णवच्या सुमारास मी मोरगावले बसस्टँडजवळ रेकॉर्डिंगची खोली टाकली. जयंतीची गानी, दंडारीची, म्हनजे आमच्याकडच्या गावनाटकाची गानी, सगळं टेपवर. त्या मशीनवर दोन काटे राहत, आवाज वाढला का काटा लाल पट्टीत जाये. लोकाले वाटे लाल म्हनजे खतरा. मले इचारा ना! लालमंदी थोडा घुसवला का टेपवर आवाज भरून येते, भोंग्यावर दनदनते. मिरवणुकीत माझी कॅसेट वाजली का दुसऱ्याची आयकूच नाई ये. काटा लालले लावनं हीच माझी कारागिरी, काय सांगू तुमाले.

मंग कॉम्प्युटर आला. माझा साळा दिलीप, बायकोचा, सुनिताचा लहाना भाऊ, दरेकशाचा, गोंदियाले शिकून आला होता, त्यानंच तो आनून देल्ला. दुकानदार म्हने, भैया, डिजिटल है, काँच जैसा साफ आवाज आएगा. मले ते काचच नाई पटलं. पडद्यावर काट्याच्या जागी हिरवी पट्टी, आन् शून्य लिवलेला सगळ्यात वर. मी म्हनलं, काऊन गा दिलीप, शून्य वर कसा? शून्यापासून तर मोजनं सुरू होते. दिलीप म्हने, भाऊजी, इथं शून्य म्हनजे छत, त्याच्यावर काईच नाई, आपुन मोठ्यात मोठा आवाजई छताच्या दोन-चार बोटं खाली ठेवाचा, मोकळी जागा सोडाची, गानारा कवा जोरात जाईन सांगता येत नाई. मी आयकलं, आन् मनात म्हनलं, हा मले आवाज खाली ठेवाले कायले सांगून राहिला? गोंदियाले सोताची खोली टाकाची असन याले, मानसं ओढाची असन माझी.

पयलं गानं मायचं घेतलं, रोवन्याचं, धानाची रोपं लावतानाचं. माय रोवना लावता लावता गाये तर पल्याडच्या बांधीतल्या बाया रोप हातात धरून उभ्या राहत. खाली खाली गाये, आन् शेवटच्या ओळीले एकदम वर जाये. बापा, काय तो आवाज! मी चहा सांगाले बाहेर गेलो, आलो तर माय शेवटची ओळ संपवून राहिली होती आन् पट्टी अर्ध्यावरच. मी दिलीपचा हात बाजूले केला, आवाज चढवला, मायले म्हनलं, पुन्हा गा. माय वर गेली, पट्टी लाल झाली. दिलीप म्हने, भाऊजी, लाल लागून राहिलं. मी म्हनलं, लागू दे.

लावून आयकलं तर शेवटच्या ओळीले नुसती चरचर, आवाज फाटलेला. पडद्यावर आवाजाचं चित्र दिसते जी, डोंगराच्या वळीसारखं. त्या ओळीवरचे सगळे डोंगर एकाच उंचीवर कापलेले, सपाट. मले खळ्यावरचा तो हात वळखू आला. मी म्हनलं, दिलीप, हे तू कापलं. तो म्हने, भाऊजी, मायचा आवाज मी कायले कापू? मी म्हनलं, निंघ. तो गेला, आन् त्याच्या नावाचा फोल्डर होता तो मी उघडूनई नाई पाह्यला, पुसूनच टाकला, त्यात याने काय लावून ठेवलं असन काय भरोसा. सुनिता रडली. तिचं माहेरी जानं बंद झालं, म्हनजे मीच बंद केलं.

मायचं गानं कापनी झाली का पुन्हा घेऊ म्हनलं. कापनीच्या आतच तिले लकवा मारला, बोल फुटनं बंद झालं.

मी कॉम्प्युटरवर कपडा टाकला, टेपवरच काम केलं. पाच-सहा वर्षानं टेपा मिळनं बंद झालं, तवा कपडा काढला. दार लावलं, आतून कडी घातली, वायरी सोता जोडल्या, कोनाले हात लावू देल्ला नाई. आन् मायचीच ती ओळ माझ्या फुटक्या गळ्यानं गायलो. पट्टी लाल झाली, मले बरं वाटलं, सवयच तशी. पडद्यावर पाह्यलं तर तेच, सपाट डोंगर. खरं सांगतो, मी मागं वळून पाह्यलं, कोन आहे म्हनून. खोलीत मी एकटाच होतो.

टेप शीग सांभाळते जी, काठाच्या वर थोडं गेलं तरी घेते. कॉम्प्युटर वरचं सगळं हात फिरवून टाकते, आन् टाकलेलं पोत्यात येत नाई. दिलीप हेच सांगून राहिला होता, आन् मी त्याचा हात पाहत बसलो, सोताचा नाई पाह्यला.

त्याले फोन केला. म्हनलं, दिलीप, चूक माझी होती.  तो म्हने, भाऊजी, तुमी चहा सांगाले गेले होते ना, तवा ट्रायल म्हनून मायचं ते गानं मी खाली ठेवून घेतलं होतं, शेवटची ओळई, एकदम साफ आली होती, माझ्या नावाच्या फोल्डरमंदी आहे, पाहा ना.

तोच फोल्डर मी न उघडता पुसला होता.

आता दिलीप येते, सुनिता दरेकशाले जाते. मायले ते फाटलेलंच गानं लावून देतो. चरचर आली का माय डावा हात हळूहळू वर उचलते, आन् आवाज जिथपर्यंत जायचा तिथं धरून ठेवते. मले पाहवत नाई, पर ती खुनेनं रोज लावाले लावते.

बरं, तुमच्या या मशीनवरई पट्टी असनच ना? मले इथून दिसून नाई राहिली, तुमीच पाहा. मी जोरात बोलतो, सवय आहे. लाल लागून राहिलं असन तर सांगा जी, मी आयकीन.