‘रिकामा’ नावाचा पेन ड्राइव्ह

(सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वहिनीचा लॅपटॉप सुरू होईनासा झाला. तिने केलेली एका जाडजूड ग्रंथाची सूची त्यातच आहे आणि ती बारा वाजता छापखान्यात पोचायला हवी. आता साडेअकरा वाजलेत. जेवणाच्या टेबलाशी वहिनी आणि तिचा दीर. दीर लिफ्ट दुरुस्त करतो.)

वहिनी : म्हणजे पहिल्या तासात तुम्ही नक्की काय केलंत, भावजी? क्रमाने सांगा.

दीर : दादाच्या कॉम्प्युटरवर एका नव्या सिस्टीमची इमेज फाइल, म्हणजे अख्खी सिस्टीम एका फाइलीत, उतरवली. पेन ड्राइव्हवर कॉपी केली. पेन ड्राइव्ह तुमच्या लॅपटॉपला लावला.

वहिनी : आणि लॅपटॉपने ढुंकूनही पाहिलं नाही.

दीर : ती फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. हे नंतर कळलं.

वहिनी : वा! घराचा नकाशा मोकळ्या जागेवर पसरून आपण सामान घेऊन राहायला गेलो होतो तर.

दीर : ती वेगळ्या सॉफ्टवेअरने ड्राइव्हवर लिहावी लागते. मग लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू होतो. आपण आत शिरायचं, तुमच्या डिस्कमधली सूची उचलायची आणि बाहेर. मघाशी लिहून झालीसुद्धा.

वहिनी : लिफ्टमध्ये माणूस अडकला तरी तुम्ही इतकेच निवांत असता का?

दीर : तिथला माणूस ओरडतो. टोमणे मारत नाही.

वहिनी : कुठल्या ड्राइव्हवर लिहिलीत? माझे दोन्ही काळे आहेत.

दीर : म्हणून तर नावं वाचली. एक ‘बॅकअप’, एक ‘रिकामा’. मी काय दूधखुळा आहे? रिकामा घेतला.

वहिनी : रिकामा घेतलात?

दीर : हो. का?

वहिनी : बॅकअप भरला, भावजी. चार महिने झाले. तेव्हापासून सूचीची प्रत मी ‘रिकामा’वर ठेवते.

दीर : भरलेल्या ड्राइव्हचं नाव रिकामा?

वहिनी : खणात चिठ्ठी लावली आहे ना. ‘बॅकअप : पाहा, रिकामा.’

दीर : धन्य आहे! घरातल्या वस्तूंचीही सूचीच केलीत. अहो, चिठ्ठी खणात आणि ड्राइव्ह माझ्या हातात!

वहिनी : सगळं पुसलं जाईल, असं त्या सॉफ्टवेअरने विचारलं नाही?

दीर : दोनदा विचारलं.

वहिनी : मग?

दीर : दोनदा ‘हो’ म्हटलं. रिकाम्यातलं काय पुसलं जाणार होतं?

वहिनी : सात महिने. नऊ हजार नोंदी. बारानंतर थांबणार नाही, ग्रंथ सूचीशिवाय छापू, असं प्रकाशकांनी लेखी कळवलंय.

दीर : दादाला फोन करू?

वहिनी : करा की. हसायला माणूस कमी पडतोय.

दीर : मग राहू दे. हा ड्राइव्ह लावतो. निदान लिहिलाय तरी नीट.

वहिनी : मी सात महिने लिहिलेलं पुसून. नीटच असायला हवा.

दीर : एफ बारा दाबून धरा. धरा… सोडा. आला! पाहा, आला!

वहिनी : थांबा. बोट उचला. काय दाबताय?

दीर : इन्स्टॉल.

वहिनी : खालची ओळ वाचा.

दीर : ‘इन्स्टॉल न करता वापरून पाहा.’

वहिनी : आणि वरचं दाबलं असतं तर?

दीर : तर… तुमच्या डिस्कवर नवी सिस्टीम बसली असती.

वहिनी : माझ्या सूचीच्या उरावर. उरलेली एकच पूर्ण प्रत आहे ती, भावजी. इथून पुढे तुम्ही तोंडाने सांगा, बटण मी दाबते.

दीर : दाबा खालचं. आता डावीकडे पाहा. डिस्क दिसते का?

वहिनी : फिरतंय नुसतं. हं, दिसली. उघडू?

दीर : उघडा. हळूच.

वहिनी : हळूच काय? दूध उतू जातंय का?

दीर : मिळाला का फोल्डर?

वहिनी : मिळाला. प्रकरणं आहेत. टिपणं आहेत. चिठ्ठीत मी गबाळी असेन, पण फोल्डर बघा कसे लावलेत.

दीर : सूची?

वहिनी : नाव दिसतंय. शेवटचा बदल काल संध्याकाळी, सहा वाजून चाळीस मिनिटं. हीच.

दीर : आकार किती दाखवतोय?

वहिनी : शून्य.

दीर : अजून वाचतोय म्हणून शून्य, की खरंच शून्य?

वहिनी : ते तो सांगत नाहीये.

दीर : किती वाजले?

वहिनी : अकरा चव्वेचाळीस. टेबलाला हात लावू नका, भावजी. अजून फिरतंय.