गाडीच्या छोट्या दांड्याबाबत पुरवणी जबाब

मी रामलिंग वीरण्णा, वय ७१ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा शेती, रा. चाकूर, जि. लातूर. आज पोलीस ठाण्यात स्वतःहून येऊन जबाब लिहून देतो की,

वरील पत्त्यावर मी मुलगा संगमेश्वर व सून यांच्यासह राहतो. पत्नी सिंधु, वय ६६, ही दि. ५ रोजी माहूरच्या घाटात गाडी घसरून मयत झाली. त्या दिवशी दवाखान्यात मी जबाब दिला होता. त्यात ड्रायव्हर केरबा याने गाडी गिअरमध्ये न टाकता उभी केली, असे मी सांगितले. ते बरोबर नाही.

गाडी सन २००३ ची, डिझेलची, चारही चाके ओढणारी आहे. ती मी जुनीच घेतली. तिला गिअरचे दोन दांडे आहेत. मोठा नेहमीचा. छोटा दांडा दोन चाके की चार चाके, यासाठी. त्याच्या मधल्या जागी गाडी मोकळी होते. मग मोठा दांडा कोणत्याही गिअरमध्ये असला तरी गाडीला धरून ठेवणारे काही राहत नाही. हे मला केरबाने पुष्कळ वेळा सांगितले होते.

गाडीचे इंजिन चढावर तापते. छोट्या दांड्याचे ऑईल गळते व तो अडकतो. हँडब्रेकची वायर सैल असल्याने तो उतारावर धरत नाही. वायर बदलू, असे केरबा दिवाळीपासून म्हणत होता. दर्शन करून आल्यावर बघू, असे मी म्हणालो. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून मागच्या चाकाला बाभळीचा ठोकळा लावायची आमची रीत आहे.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास घाटात रस्त्याचे काम चालू होते. मुरमावर केरबाने चार चाके लावली. पुढे डांबरी लागल्यावर इंजिन तापले म्हणून टपरीजवळ चढावरच गाडी थांबवली. पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, ठोकळा लावला. हे मी डोळ्यांनी पाहिले. केरबा कॅन घेऊन पाणी आणायला गेला. जाताना म्हणाला, "अप्पा, काईबी हात लावू नका. म्या आलोच."

सिंधुचे गुडघे दुखत असल्याने ती मागे बसून होती. मी पुढे बसलो होतो. डांबरी रस्त्यावर चार चाके लागून राहिली तर आतले दाते तुटतात, असे मी ऐकून होतो. केरबा विसरला तर, असे मनात आले. मी छोटा दांडा ओढला. तो मधेच अडकला, पुढेही जाईना. त्याच वेळी गाडी थोडी मागे दबली. मला वाटले, सिंधु सरकून बसली.

केरबा कॅन घेऊन येताना दिसला. ठोकळा याआधी दोन वेळा वाटेत विसरून राहिला होता, म्हणून मी उतरून तो काढायला गेलो. तेव्हा सिंधु म्हणाली, "अहो, ठोकळा राहू द्या की. केरबा येऊ द्या."

मी म्हणालो, "पहिल्या गिअरात हाय. हलत न्हाई."

ठोकळा घट्ट बसला होता. मी पायाने ठोकरून सैल केला व हाताने ओढून काढला. गाडी मागे गेली. केरबा कॅन टाकून पळाला व दाराला लोंबकळला. त्याच्या उजव्या हाताला अकरा टाके पडले. गाडी कठड्याला धडकून खाली गेली.

तपासणीत मोठा दांडा पहिल्या गिअरमध्ये व छोटा मधल्या जागी मिळाला, असे समजले. केरबावर गुन्हा नोंद आहे. त्याचे लायसन जमा आहे. तो माझ्याकडे एकोणीस वर्षे गाडी चालवतो.

दहाव्या दिवशी केरबा घरी आला. हात बांधलेला होता. आत या म्हटले तरी दारातच उभा राहिला. त्याने विचारले, "अप्पा, त्यो छोटा दांडा कुणी सरकवला?"

मी म्हणालो, मला ठाऊक नाही.

"बरं," म्हणून तो गाडीची दुसरी चावी ओट्यावर ठेवून गेला.

मी संगमेश्वरला सर्व सांगितले. तो म्हणाला, अप्पा, झालं ते झालं, आता गप बसा. मला झोप नाही. आज मी त्याला न सांगता एसटीने आलो आहे.

छोटा दांडा मी सरकवला. ठोकळा मी काढला. यात केरबाची काही चूक नाही. गाडी घसरली तेव्हा ठोकळा माझ्या हातात होता, तो माझ्याकडेच राहिला. आज तो पिशवीतून आणून हजर केला आहे.

हवालदारांनी हा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. सिंधुचे बोलणे मी पुन्हा एकदा वाचायला लावले. ती तसेच म्हणाली होती. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.