मेघनाचा पेपर बंद पडला त्या दिवसाबद्दल

मंडळी, मला माइक नको होता. माझा आवाज कापतो आणि माइकमधून तो सगळ्यांना ऐकू जातो. पण चाळीची पोरं म्हणाली, "बाबलकाका, तुम्हीच बोला, तुम्ही वसंतकाकांचे लहानपणापासूनचे शेजारी." शेजारी होतो म्हणून बोलता येतं असं थोडंच आहे? मी सहावीतून गिरणीत गेलेला माणूस. आज ज्याची ही शोकसभा, तो वसंता, माझा वश्या, मॅट्रिक झाला, गिरगावात वकिलाकडे टायपिस्ट होता. माझं काही चुकलं तर सांभाळून घ्या. किंवा नका घेऊ. आज मला चुकीबद्दलच बोलायचं आहे.

मंडळी, मला वश्याचा हेवा वाटायचा. त्याच्या मॅट्रिकचा नाही, नोकरीचा नाही. मेघनामुळे वाटायचा.

मेघना माझी नात. ती समोर बसली आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. दहावीपर्यंतची तिची पुस्तकं मी वाचून दाखवली. जोडाक्षराला अडखळलो तर ती थांबायची. हसायची नाही. कॉलेजात इंग्रजी पुस्तकं आली आणि माझं वाचन संपलं. मग लॅपटॉप आला. तो तिला वाचून दाखवतो. अडखळत नाही मेला. तेही मी सोसलं. यंत्राशी काय भांडणार? पण लॅपटॉपच्या मागोमाग वश्या आमच्या घरात आला.

लॉकडाऊनमध्ये विद्यापीठाच्या परीक्षा घरून सुरू झाल्या. आधी एक सराव परीक्षा होती. एरवी सगळं वाचणारा लॅपटॉप त्या पानावर आला की नुसतं म्हणायचा, "बटण. बटण. बटण." कुठलं बटण कशाचं, पोरीला कळेना. प्रश्नात नकाशा आला की म्हणायचा, "चित्र." संपलं. तक्रार केली तर विद्यापीठातून उत्तर आलं, लेखनिक घ्या.

मेघना म्हणाली, "माझा पेपर मला लिहायचाय."

मी म्हटलं, "कशाला हट्ट करतेस?"

वश्या म्हणाला, "हट्ट नाही, बाबल्या. बरोबर बोलतेय ती."

झालं. त्या दिवसापासून तो वसंतआजोबा. तोवर तिला आजोबा एकच होता.

त्याने अर्ज केले, फोन केले, पुन्हा अर्ज केले. बटणांना नावं आली. नकाशाखाली वर्णन आलं. जास्तीचा वेळ मिळाला. माहीमहून एक मुलगी आज आली आहे. तिची बोटं चालत नाहीत, ती बोलून उत्तरं लिहिते. तीही त्याचंच नाव घेते. सगळेच घेतात. ऐकून ऐकून माझे कान किटले. तीन दिवस मेघना रडतेय. माझ्या वेळी ही एवढी रडेल का, असं काल मनात आलं. शोकसभेत असं बोलू नये. पण आलं.

आता त्या पेपरचं सांगतो. नियम असा होता की कॅमेरा चालू हवा आणि खोलीत दुसरं कोणी नको. आमची खोली दहा बाय बारा. जायचं कुठे? वश्याने घरच्या सगळ्यांना गॅलरीत बसवलं. मजल्यावरचे कुकर बंद करायला लावले. स्वतः दारात खुर्ची टाकून बसला आणि मला म्हणाला, "तू तर अजिबात आत जायचं नाहीस." माझ्याच घरात, मला.

अर्ध्या तासाने तो संडासला गेला. आतून टायपिंगचा आवाज येईना. अडली असेल, असं मला वाटलं. खरं सांगू? अडली असावी, असंही वाटलं. अडली तर मला हाक मारेल. मी अनवाणी आत गेलो, तिच्या मागे उभा राहिलो. बोललो काही नाही. पेपर बंद पडला.

ती ओरडली, "वसंतआजोबा, पेपर गेला."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. हाक त्याला मारली. मी आलो तसाच बाहेर गेलो.

दोन दिवसांनी विद्यापीठाकडून मेल आला, नियम मोडला एवढंच त्यात, आणि सोबत फोटो. लॅपटॉप म्हणाला, "चित्र." तिने विचारलं, "वसंतआजोबा, काय आहे त्यात?" वश्याने बघितलं. तिच्या मागे मी, फाटक्या बनियनवर.

तो म्हणाला, "धुरकट आहे गं. काही कळत नाही."

विद्यापीठाला मात्र त्याने खरं ते लिहिलं. चाळीची एक खोली आहे, म्हातारा माणूस आत गेला, मुलीला ठाऊक नव्हतं. पेपर पुन्हा मिळाला. गॅलरीत मला एवढंच म्हणाला, "बाबल्या, निदान धड बनियन तरी घालायचास."

मला त्याचाही राग आला. चूक माझी, आणि मोठा झाला तो.

पण मंडळी, कॅमेऱ्याला मान हललेली चालत नाही, असं मेघनाने कुठेतरी ऐकलं होतं. तिला वाटलं, आपलीच मान हलली. तेव्हापासून प्रत्येक पेपरला ती ताठ बसते. नंतर मानेला तेल मीच चोळतो. गप्प राहून चोळतो. वश्या कितीदा म्हणाला, "सांग तिला. मी सांगितलं तर चुगली होईल." मी उद्या म्हणायचो. सांगितलं तर ती आणखी त्याची होईल, ही भीती.

सोमवारी तिचा एम.ए.चा पेपर आहे, घरूनच. दारात वश्या नसेल.

मेघना, तुझी मान हलली नव्हती. मी आत आलो होतो. तुझं काहीही चुकलं नव्हतं.

वश्या, सांगितलं रे. तुला नमस्कार.

मंडळी, आता दोन मिनिटं शांत उभे राहूया. मेघना माझ्यावर रागावली असेल, तर नंतर तिला कोणी समजावायला जाऊ नका.