हनोईचा कौल

बाबा : उजवो दिल्यान. जावा तुमी हनोईक.

सर्वेश : काय? देवाने हो म्हटलं?

बाबा : मी काय बोलूक नाय.

सर्वेश : बाबा, आत्ता बोललात. किचनमधून फोन घेऊन बाहेर आलात आणि म्हणालात, उजवा कौल दिला, जावा.

बाबा : दिवो लावल्याशिवाय कौल सांगूचो नसता. चुकान तोंडातसून गेला. दिवो लावीसर तुमी काय आयकूक नाय, मी काय सांगूक नाय.

गंधाली : म्हणजे अधिकृतरीत्या आपल्याला अजून काही माहीत नाही.

बाबा : बरोबर. फाईल प्रलंबित असा.

गंधाली : सर्वेश, बॅग भर.

सर्वेश : कशाच्या आधारावर? फाईल प्रलंबित आहे.

गंधाली : विमान परवा पहाटे आहे. ते दिव्यासाठी थांबणार नाही.

सर्वेश : हेच मला आवडत नाही विमानाचं. कशासाठी थांबत नाही.

गंधाली : मुलुंडला आमच्या घरी असलं काही नव्हतं. सुट्टी लागली की निघायचो. इथे गावचा गुरव देवाच्या मूर्तीला फूल चिकटवणार, उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही, आणि हे सगळं आता व्हिडिओ कॉलवर. फोन कशाला टेकवला होता त्याने, बाबा?

बाबा : नारळाक.

गंधाली : मग ठीक आहे.

सर्वेश : तू हसू नको यार. मला खरंच झोप नाही. तिथे रस्ता कसा ओलांडतात, बघितलंस? स्कूटर थांबतच नाहीत. आपण एकाच वेगाने चालत राहायचं आणि त्या आपल्या बाजूने जातात. मध्येच थांबलो की वाट लागली.

गंधाली : तू घाटकोपरमध्ये वाढलायस.

सर्वेश : इथे शिव्या देतात ना. शिवीवरून गाडी किती लांब आहे ते कळतं. तिथे मला भाषा येत नाही.

गंधाली : म्हणून काल तू एलबीएस रोडवर दूध आणायला गेलास आणि तासाने आलास?

सर्वेश : सराव केला. समोर बघत, एका वेगाने. एक रिक्षावाला म्हणाला, मरना है क्या. मी म्हटलं, नहीं, हनोई जाना है.

गंधाली : मग?

सर्वेश : म्हणाला, मीटर से नहीं जाऊंगा.

बाबा : थयचे लोक खातत काय?

सर्वेश : कॉफीत अंडं घालतात, बाबा.

बाबा : सांडता काय चुकान?

सर्वेश : मुद्दाम घालतात. लोक रांग लावून पितात.

बाबा : मगे सुकट न्या थोडी. अडीअडचणीक बरी.

गंधाली : सुकट नको, बाबा. त्या वासावर विमान परत फिरवतील.

सर्वेश : फिरवतील का? खरंच? म्हणजे तशी सोय आहे?

गंधाली : सर्वेश, इकडे बघ. ही तिसरी खेप आहे. गोवा तू रद्द केलास, कारण जेलीफिशबद्दल वाचलंस.

सर्वेश : समुद्राजवळ जाणार होतो आपण.

गंधाली : हॉटेल म्हापशाच्या बाजारात होतं. जयपूरच्या वेळी एअरपोर्टवरून घरी परत आलो, गॅस बंद आहे का बघायला.

सर्वेश : बंद होता.

गंधाली : हो. नंतर विमानाचं दारही बंद होतं. चार वर्षं झाली लग्नाला. आपण दोघंच असे कुठे गेलोय, सांग.

सर्वेश : गावी जातो की गणपतीला.

गंधाली : गावी एका खोलीत सतरा जण झोपतात. त्यातले तुझे पाय कुठले, ते मला शेवटच्या दिवसापर्यंत कळत नाही.

सर्वेश : मी मोजे घालून झोपतो म्हणून.

गंधाली : मी चिडून सांगत नाहीये. परवा मी एअरपोर्टला जाणार. तू असलास तर दोघं जाऊ. नसलास तर मी एकटी जाऊन येईन, आणि आल्यावर आपण नीट बोलू.

सर्वेश : नीट म्हणजे?

गंधाली : म्हणजे नीट.

सर्वेश : हे जेलीफिशपेक्षा डेंजर वाटतंय.

गंधाली : वाटू दे.

बाबा : पुरो. ह्यो अंगारो घ्या आणि पिशयेत ठेवा. दोघांका दोन पुड्यो.

सर्वेश : बाबा, कागदात बांधलेली पूड घेऊन परदेशात उतरायचं? कस्टमवाला विचारेल हे काय आहे.

बाबा : सांग, देवाचो अंगारो.

सर्वेश : तो विचारेल, कुठला देव.

बाबा : मगे माका फोन लावून दी.

गंधाली : दोन्ही पुड्या माझ्या पर्समध्ये ठेवते. पकडलं तर मला पकडतील, सर्वेशची सुट्टी वाया जाणार नाही.

सर्वेश : आणि बाबांचं काय? ते कोणी बोलतच नाहीये.

बाबा : माझा काय? शेजारची दर्शना डबो देतली. पेपर येता. दूध येता.

सर्वेश : दिवसाचं नाही विचारत मी. रात्री झोपताना तुम्ही विचारता ना, दार लावलंस काय? आई आतून म्हणायची, लावलंय. मग तुम्ही झोपायचात. आई गेल्यापासून गंधाली म्हणते. तीन रात्री कोण म्हणणार?

बाबा : ता काय मोठा नाय. मी लावतलंय आणि मीच म्हणतलंय.

सर्वेश : गंधालीच्या मैत्रिणीच्या, रुचिराच्या लग्नाहून आम्हाला यायला उशीर झाला, तेव्हा तुम्ही दाराला खुर्ची लावून तिच्यावर बसला होतात. चपला घालून.

बाबा : थय वारो येय होतो.

सर्वेश : बंद दारातून?

बाबा : फटीतसून.

गंधाली : बाबा, तुम्ही आधी दिवा लावा ना. म्हणजे एकदाचं कळेल तरी.

बाबा : वात गावणा नाय.

गंधाली : निळ्या डब्यात आहेत.

बाबा : तेल पण होया. रिफाइंड चलना नाय.

गंधाली : तिळाचं आहे, मागच्या बाटलीत.

बाबा : काडी पेटणा नाय. हवेन नरम झालीहा.

गंधाली : तुम्ही अजून ओढली नाही, बाबा.

बाबा : बघूनच कळता.

सर्वेश : एक मिनिट. गुरवाने फोटो टाकलाय. गाववाल्यांच्या ग्रुपवर.

बाबा : तू बघू नको.

सर्वेश : बघितला. फूल डावीकडे आहे.

बाबा : तुझ्या डावीकडे. देवाचो उजवो हात आपल्या डावीकडे येता.

सर्वेश : ते माहितीये मला. देवाच्याच डावीकडे आहे, आपल्या उजव्या हाताला.

बाबा : मोबाइलात उलटा दिसता. आरशासारखा.

सर्वेश : हां, सेल्फीत उलटं येतं खरं.

गंधाली : दाखव. फूल फंडपेटीवर पडलंय. पेटी देवाच्या डाव्या हाताला असते. दर गणपतीत मी तिथे नोट टाकते.

बाबा : पेटी पण उलटी इली असात फोटोत.

गंधाली : पेटीवरची 'श्री' सरळ वाचता येतेय, बाबा.

बाबा : गुरवाक फोटो काढूक सांगल्यान कोणी?

सर्वेश : म्हणजे कौल डावा आहे. देवाने चक्क नाही म्हटलं. मी सांगत होतो की नाही? त्या स्कूटर, ती कॉफी...

गंधाली : सर्वेश, गप्प बस जरा. बाबा, डावा कौल असताना उजवा का सांगितलात?

बाबा : मी काय सांगूकच नाय. दिवो खय लावलोहा अजून?

गंधाली : म्हणून लावत नव्हतात?

बाबा : दिवो लावून खोटा कसा बोलतलंय? दिव्याआधी बोललेला हिशोबात येना नाय.

सर्वेश : बाबा, नेमकं काय विचारलंत देवाला? विमानाचं विचारलंत की व्हिसाचं? की दोन्ही एकत्र? कारण एकत्र विचारलं असेल तर नुसत्या व्हिसासाठीही नाही असू शकतं.

बाबा : तुमचा काय इचारूकच नाय.

सर्वेश : म्हणजे?

बाबा : तुमी जातलास ता ठरलला. तिकिटा काढलली. निर्णय झाल्यावर परवानगी मागूची नसता, माहितीसाठी कळवूचा असता. सगळी नोकरी ऑफिसात आवक-जावक बघलंय मी. इतक्या कळता माका.

गंधाली : मग कौल कशासाठी लावलात?

बाबा : माझ्यासाठी.

गंधाली : काय विचारलंत?

बाबा : म्हटलंय, म्हाराजा, ह्या घरात तीन राती एकट्याक रव्हूक जमात काय माका? जमणार असात तर उजवो दी.

गंधाली : आणि?

बाबा : कधी कधी अर्धो अर्धो तास फूल हालणा नाय. गुरव पण जांभयो देता. आज तेणी हात काढल्यान आणि पडला.

सर्वेश : लगेच?

बाबा : इचार सुदीक करूक नाय देवान.

सर्वेश : गंधाली, राहू दे ना मग. मी रद्द करतो. या वेळी माझ्यामुळे नाही, खरंच.

गंधाली : थांब. बाबा, मी तिथून रोज रात्री फोन करेन. तुम्ही विचारा, मी म्हणेन, लावलंय.

बाबा : थयसून तुका आमचा दार दिसात?

गंधाली : नाही.

बाबा : मगे खोटा कशाक बोलतलंस?

सर्वेश : तिचा आवाज रेकॉर्ड करून ठेवतो. बटण दाबलं की 'लावलंय'.

बाबा : दार उघडा असला तरी ता 'लावलंय'च म्हणतला. चोराक बरा.

सर्वेश : मग तुम्हीच चला आमच्याबरोबर.

बाबा : पासपोर्ट नाय माझो. आणि हॉटेलातला दार आपसून लागता म्हणतत. थय मी इचारू काय?

गंधाली : मग मी पण नाही जात.

बाबा : तू जातलंस.

गंधाली : बाबा, तुम्हाला जमणार नाही असं तुमचा देव सांगतोय. मी कशी जाऊ?

बाबा : ह्या बघ बाय, फूल पडला ता माझ्या अर्जार. तुमच्या फाईलीर पडूक नाय. एका अर्जावरचो शेरो दुसऱ्याक लावूचो नसता. तसा केला तर ऑफिस चलात कसा? माका जमणा नाय, ह्या माका म्हायत होता. आता देवाक म्हायत असा, तुमका म्हायत असा. न जमता रवतलंय. लोक रवतत.

सर्वेश : खुर्चीवर बसून?

बाबा : आराम खुर्ची घेतलंय तर तुमची हरकत?

सर्वेश : नाही.

बाबा : मगे तू काय ता ठरव. सून तुझ्यासाठी रवली तर ती तुका बोलतली. माझ्यासाठी रवली तर ती काय बोलूची नाय, आणि ता वायट.

सर्वेश : गंधाली.

गंधाली : काय?

सर्वेश : मोजे किती घेऊ?

गंधाली : पायांएवढे.

सर्वेश : आणि मी गॅस परत बघायला जाणार नाही. बाबा घरीच आहेत. त्यांना एअरपोर्टवरून फोन करेन फक्त. दोनदा.

गंधाली : एकदा.

सर्वेश : एकदा, आणि एक मेसेज.

गंधाली : बाबा, आता लावा दिवा.

बाबा : काडेपेटी दी हय.

(तिसरी काडी पेटते.)

बाबा : गाऱ्हाणा घालतंय. मी थांबलंय की दोघांनी 'व्हय म्हाराजा' म्हणूचा. पुटपुटू नको, आयकूक जावक होया. बा देवा म्हाराजा...

सर्वेश : व्हय म्हाराजा.

गंधाली : होय महाराजा.

बाबा : ता मुलुंडचा झाला. नीट म्हण.

गंधाली : व्हय म्हाराजा.

बाबा : आज तू जो कौल दिलंस तो पोचलो. बघलो. नोंद घेतली.

सर्वेश : व्हय म्हाराजा.

गंधाली : व्हय म्हाराजा.

बाबा : ही तुझी लेकरा परवा हनोईक जातत. थयचो देव कोण ता माका म्हायत नाय. तुझी वळख असात तर तुझ्या पातळीर बोलून घे. स्कूटरी तेंच्या बाजूक जावन देत. कॉफीतला अंडा पचान दे. कस्टमात अंगारो सुटान दे. आणि झिलाक मदीच परत फिरायची बुद्धी होयत तर ती थयच दाबून टाक रे म्हाराजा.

गंधाली : व्हय म्हाराजा.

सर्वेश : व्हय म्हाराजा.

बाबा : आणि एक. विषय वेगळो असा, पण ह्याच अर्जात घेतंय. जयंती नंदकुमार परब, पूर्वी रव्हणार घाटकोपर, सध्या तुझ्या ताब्यात. तिका तीन रातींसाठी हय प्रतिनियुक्तीर धाडूचा. रांधूक नको, बसूक नको, माझ्याशी बोलूक पण नको. रात्री मी आवाज दिलंय की आतसून 'लावलंय', इतक्याच म्हणूक. चवथ्या दिवशी सकाळी तिका तुझ्याकडे परत करतलंय. तरी सदर अर्जाचो सहानुभूतीपूर्वक विचार होवन लवकरात लवकर मंजुरी मिळूक होयी, ही नम्र इनंती.